प्रिंटर म्हणतो, ‘परवानगी नाही’

बचत गटाच्या कामात कागद काही सुटत नाही. कर्जाचा प्रस्ताव म्हटला की ठराव आला, सभासदांची यादी आली, आधारच्या आणि पासबुकाच्या प्रती आल्या. एक कागद कमी पडला तरी फाईल परत येते, आणि कांदा लागवडीचे पैसे हंगाम सरल्यावर हातात पडतात. दुकानात छापायचं तर सगळ्याजणींचे आधार दुकानदाराच्या मोबाईलवर पाठवावे लागतात. ते तिथून पुढे पुसले जातात की नाही, कुणी पाहिलंय?

म्हणून आपल्या न्हावऱ्यात काय आणि आसपासच्या गावांत काय, गट-ग्रामसंघांना आपला कॉम्प्युटर आणि वायफायवर चालणारा प्रिंटर हवासा वाटतो. पण प्रिंटर जोडायला बसलं की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, ‘ॲक्सेस इज डिनाइड’. म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. ही ओळ दिसली की बाया कॉम्प्युटर बंद करून मोकळ्या होतात. आज आम्ही त्या एका ओळीबद्दलच बोलणार आहोत.

ही ओळ आली म्हणून प्रिंटर बिघडला असं समजू नका. कॉम्प्युटर किल्ली मागतोय. आपल्या गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते ना, तसंच इथे आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेची खाती असतात. एक रोजच्या वापराचं, त्यात लिहायचं, हिशेब करायचा, छापायचं. दुसरं ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे किल्लीवालं. नवीन काही बसवायचं तर बहुतेक वेळा किल्लीवालंच खातं लागतं.

साध्या प्रिंटरला किल्ली कशाला? प्रिंटरसोबत ‘ड्रायव्हर’ नावाचं एक सॉफ्टवेअर येतं. कॉम्प्युटरची भाषा प्रिंटरला समजावून सांगणारा तो दुभाषा. हा दुभाषा थेट माजघरात जाऊन बसतो. २०२१ साली असं उघड झालं की विंडोजच्या छपाईच्या भागातल्या एका फटीतून चोर दुभाष्याचं सोंग घेऊन आत शिरू शकतो. त्या दोषाला जगभर ‘प्रिंटनाइटमेअर’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०२१ मध्ये घाईने दुरुस्ती दिली आणि १० ऑगस्ट २०२१ पासून नियम घातला, की नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरच हवा. म्हणून पूर्वी सहज जोडला जाणारा प्रिंटरही आता परवानगी मागतो.

आता काय करायचं ते ओळीने सांगतो.

पहिलं, प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर आहेत का ते बघा. त्याच वायफायवरच्या मोबाईलवरून एक पान छापून पाहा. पान आलं तर प्रिंटर ठीक आहे, अडचण कॉम्प्युटरकडे आहे.

दुसरं, आपण कोणत्या खात्यात बसलोय ते बघा. सेटिंग्ज उघडा, त्यात अकाउंट्स, त्यात युवर इन्फो. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं असेल तर किल्ली तुमच्याच हातात आहे. मग प्रिंटरच्या कंपनीच्या वेबसाइटवरून घेतलेल्या फाईलवर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. तसं लिहिलेलं नसेल तर कॉम्प्युटर पासवर्ड मागेल. तिथे अंदाजाने काहीबाही टाकत बसू नका, किल्लीवालीला बोलवा.

तिसरं, काही ठिकाणी प्रिंटर एका कॉम्प्युटरला वायरने जोडलेला असतो आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्यामार्फत छापतात. तिथे परवानगी त्या पहिल्या कॉम्प्युटरवर द्यावी लागते. तो चालू हवा. त्यावर प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा. ‘शेअरिंग’मध्ये खूण आहे का बघा, आणि ‘सिक्युरिटी’मध्ये आपल्या खात्यापुढे ‘प्रिंट’ला परवानगी आहे का बघा. छापण्याची परवानगी सगळ्यांना द्या, पण ‘मॅनेज’ची परवानगी एकीकडेच ठेवा.

चौथं, अशा वाटून घेतलेल्या प्रिंटरला चुकीचा आकडा दिसला आणि त्याच्या शेवटी ‘११बी’ असेल, तर बहुधा एका कॉम्प्युटरला सुरक्षेचं अपडेट मिळालंय आणि दुसऱ्याला नाही. दोन्हींना अपडेट करा, बंद करून चालू करा, मग पुन्हा जोडा. काहीजण ती सुरक्षाच बंद करायचा उपाय सांगतात. छापलं जाईल, पण दाराची कडी काढून ठेवल्यासारखं होईल.

कॉम्प्युटर एखाद्या कार्यालयाने किंवा प्रकल्पाने दिलेला असेल तर किल्ली त्यांच्याकडे असते. नुसता फोन करून ‘प्रिंटर चालत नाही’ म्हटलं तर काम होत नाही. पडद्यावरच्या ओळीचा फोटो काढा, प्रिंटरचा मॉडेल नंबर लिहा आणि अर्ज देऊन पोच घ्या.

आणि हे नीट ऐका. इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधून फोन लावू नका. प्रिंटर कंपनीचे म्हणून खोटे नंबर टाकलेले असतात. समोरचा माणूस गोड बोलून तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा मागतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर गटाच्या बँकेचे व्यवहार असतात. नंबर प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा पुस्तिकेतला घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आता खरा प्रश्न, आपल्या कॉम्प्युटरची किल्ली आहे कुणाकडे? कॉम्प्युटर बसवून देणारा मुलगा पासवर्ड स्वतःच ठेवून गेला असेल, तर पैसे आपले आणि मालकी त्याची. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. त्याच्याकडून पासवर्ड घ्या आणि त्याच दिवशी बदला. रोजच्या कामाला साधं खातं वापरा. नवा पासवर्ड बंद पाकिटात घालून अध्यक्षांकडे ठेवा, सचिवांना ठाऊक असू द्या, आणि पाकीट कुणाकडे आहे ते इतिवृत्तात लिहा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्डही बदला. बँकेत सह्या बदलतो, तसंच.

पासवर्ड मात्र इतिवृत्तात लिहू नका हं! बैठकीला सगळ्याजणी या.