सभाधीटपणा

सभाधीटपणा म्हणजे चारचौघांसमोर आपले म्हणणे न बिचकता मांडण्याची क्षमता. हा आत्मविश्वासाचा एक प्रकार असून त्याची गरज केवळ व्यासपीठावर भासते असे नाही. वर्गात शंका विचारणे, नोकरीच्या मुलाखतीस सामोरे जाणे, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत हरकत घेणे, ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडणे, अशा नित्याच्या प्रसंगी तो उपयोगी पडतो. वक्तृत्व आणि सभाधीटपणा यांत भेद आहे. वक्तृत्व ही भाषेवरील प्रभुत्वाची कला होय. सभाधीट व्यक्ती मात्र साध्या, प्रसंगी अडखळत्या भाषेतही आपला मुद्दा पूर्ण करते.

भीतीचे स्वरूप

अनेकांच्या नजरा आपल्याकडे वळल्या की शरीर तो प्रसंग धोक्याचा मानते. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. ही प्रतिक्रिया स्वाभाविक असून सराईत वक्त्यांनाही ती जाणवू शकते. खरी अडचण पुढे निर्माण होते. बोलणे टाळले की तात्काळ सुटकेची भावना येते आणि त्यामुळे पुढच्या वेळीही टाळण्याकडेच मन झुकते. भीती अनाठायी होती हे अनुभवण्याची संधीच मिळत नाही आणि मौन हळूहळू सवयीचे होते.

आत्मविश्वासाचे स्रोत

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ साली स्वक्षमतेविषयीच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल, हा विश्वास त्यांच्या मते चार गोष्टींतून घडतो :

१. स्वतः मिळवलेले यश. हा सर्वांत प्रभावी स्रोत होय.
२. आपल्यासारख्याच परिस्थितीतील व्यक्तीला यशस्वी होताना पाहणे.
३. विश्वासातील माणसांनी दिलेले प्रोत्साहन.
४. शारीरिक व भावनिक अवस्थेचा लावलेला अर्थ. छातीतील धडधड ही दुबळेपणाची खूण मानली तर विश्वास खचतो. ती तयारीची खूण मानली तर टिकतो.

या क्रमावरून असे दिसते की, नुसत्या कौतुकापेक्षा प्रत्यक्ष कृतीचा छोटा अनुभव अधिक परिणामकारक ठरतो.

एक उदाहरण

मोहनदास करमचंद गांधी यांनी ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत आपल्या संकोची स्वभावाची सविस्तर नोंद केली आहे. इंग्लंडमध्ये शिकत असताना (१८८८–१८९१) ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. परंतु एका प्रसंगी त्यांनी लिहून आणलेले विचारही दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते पहिल्या खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले; पण त्यांना प्रश्नच सुचेनात, म्हणून त्यांनी ते काम सोडून दिले. १८९३ साली प्रिटोरिया येथील भारतीयांच्या सभेत मात्र त्यांनी व्यापारातील सचोटी या विषयावर भाषण केले. त्या विषयाची त्यांनी आधी तयारी केली होती. संकोच पूर्णपणे गेल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. उलट त्यामुळे मोजके बोलण्याची सवय लागली, असे त्यांनी नमूद केले आहे.

जोपासना

सभाधीटपणा पायरीपायरीने वाढतो. प्रथम घरात मोठ्याने वाचन, मग दोन-तीन परिचितांसमोर कथन, नंतर बैठकीत एखादा नेमका प्रश्न आणि शेवटी स्वतंत्र निवेदन, असा क्रम सोयीचा ठरतो. संपूर्ण भाषण पाठ केल्यास एक शब्द विसरताच सूत्र तुटण्याचा संभव असतो. त्याऐवजी मुद्दे आणि पहिले वाक्य पक्के असणे अधिक उपयुक्त असते. श्वास संथ ठेवणे आणि वाक्यांमध्ये थांबणे यांचाही लाभ होतो.

सामाजिक बाजू

प्रत्येक मौनाचे मूळ व्यक्तीच्या स्वभावात नसते. बोलणाऱ्याची भाषा, जात, लिंग वा गरिबी यांवरून जेथे हेटाळणी होते, तेथे गप्प राहणे हा अनुभवातून आलेला शहाणपणा असू शकतो. महाराष्ट्रातील पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. परंतु राखीव जागेमुळे सभेत आसन मिळते, आवाज आपोआप मिळत नाही. सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची तरतूद या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेथे, तसेच बचत गटांच्या बैठकींत, परिचित मैत्रिणींसमोर नाव सांगण्यापासून हिशेब मांडण्यापर्यंतचा सराव घडतो आणि मोठ्या सभेतील प्रश्नाची पूर्वतयारी होते.

मर्यादा

सभाधीटपणा म्हणजे ज्ञान नव्हे. विषयाची माहिती नसताना ठासून बोलणारी व्यक्ती श्रोत्यांची दिशाभूल करू शकते. ‘हे मला ठाऊक नाही’ असे सभेत स्पष्टपणे सांगता येणे, हेही सभाधीटपणाचेच लक्षण होय. भीती इतकी तीव्र असेल की शिक्षण, नोकरी वा दैनंदिन व्यवहार अडतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घेणे इष्ट ठरते. अशा भीतीवर उपचार उपलब्ध आहेत.