क्वाड बाइक खरी पळते किती? काट्याला नको, जमिनीला विचारा

गावात नवी गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला : "पळते किती?" मग कुणी काट्यावरचा आकडा सांगतो, कुणी कंपनीच्या कागदावरचा, तर कुणी मनचाच ठोकून देतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा सुटतो तेव्हा असले काही चालत नाही. तिथे या निशाणापासून त्या निशाणापर्यंत सेकंद मोजतात आणि मगच नंबर लागतो. चार चाकांच्या मोटारसायकलीचा, म्हणजे क्वाड बाइकचा वेगही तसाच मोजावा लागतो.

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी, फुगीर टायरची आणि हँडलची गाडी आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. तिच्यात दोन जाती. एक कामाची. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातले शेतकरी तिच्यावर बसून मेंढरे वळवतात, कुंपण बघतात, फवारणी करतात. दुसरी स्पोर्ट क्वाड. अंगाने हलकी, मोटारसायकलीसारखे गिअर आणि चेनवर फिरणारी मागची दोन चाके. यामाहाची १९८७ ची 'बॅन्शी' ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक होती. २००६ मध्ये आलेली 'रॅप्टर ७००' ही ६८६ सीसीची, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक. असली मोठी स्पोर्ट क्वाड ताशी शंभराच्या पुढे जाते. पण पुढे म्हणजे नेमकी किती?

मोजायचे कसे?

काटा जमीन मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला, बदलला किंवा मातीत घसरला की काटा फसतो. शिवाय काटा थोडा जास्तच दाखवतो. युरोपातल्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नाही. जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालते. म्हणजे गाडी खरी शंभराने पळत असताना काटा ११४ दाखवू शकतो! बॅन्शीसारख्या गाड्यांना तर काटाच नव्हता.

उपाय सोपा आहे. सपाट, कोरडी, टणक आणि खासगी जागा निवडावी. टेपने १०० मीटर मोजून दोन्ही टोकांना निशाणे लावावीत. अलीकडे गाडीला पूर्ण वेग घ्यायला आणि पलीकडे थांबायला भरपूर जागा हवी. ३६० ला लागलेल्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर निघतात. ३.६ सेकंद लागले तर वेग शंभर.

इथे एक गोम आहे. बटण दाबायला पाव सेकंद इकडेतिकडे झाले तरी उत्तरात सात किलोमीटरची चूक होते. म्हणून वेग जास्त असेल तर अंतर ३०० मीटर घ्यावे आणि १०८० ला सेकंदांनी भागावे. मोबाइलमधले जीपीएसही चालते, मात्र गाडी काही सेकंद एकाच वेगात राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पाठीवर वारा घेऊन काढलेला आकडा अर्धाच खरा. लगेच उलट्या दिशेने गाडी न्यावी आणि दोन्ही वेगांची सरासरी काढावी. जाताना १०४, येताना ९४, तर खरा वेग ९९. अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर विक्रम असेच दोन फेऱ्यांच्या सरासरीने ठरतात.

दात्यांचा हिशेब

मागच्या टायरला खडूची खूण करून, माणूस बसवून गाडी एक फेरा ढकलावी आणि अंतर मोजावे. वीस इंची टायर एका फेऱ्यात साधारण १.६ मीटर जातो. चाक मिनिटाला हजार फेरे फिरले तर वेग होतो ताशी ९६.

पुढच्या स्प्रॉकेटचे १४ दाते १५ केले की त्याच इंजिन-फेऱ्यांना वेग सात टक्क्यांनी वाढतो. ९६ चे जवळपास १०३. पण हे कागदावर! नांगर लावून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकला तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. इंजिन दम सोडते आणि असलेला वेगही जातो.

म्हणून आधी इंजिनाचे म्हणणे ऐकावे. सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिन फेऱ्यांच्या शेवटच्या मर्यादेला टेकत असेल, तर पुढे एक दाता वाढवून फायदा होईल. तिथपर्यंत पोहोचतच नसेल, तर दात्यांना हात लावू नये. दोष दुसरीकडे आहे.

आधी गळती बंद करा

विहिरीत पाणी असून पिकाला पोहोचत नसेल, तर आपण नवी मोटर घेण्याआधी पाइप तपासतो. इथेही तेच. एअर फिल्टर धुळीने तुंबलेला, चेन कोरडी किंवा फार ताणलेली, ब्रेक चाकाला घासणारा, प्लग काळा, व्हॉल्व्हचे अंतर बिघडलेले. ही कामे पाना-पकड आणि एक दुपार यांत होतात.

टायरची हवाही पाहावी. या टायरांत हवा थोडी, अनेकदा चार-पाच पौंडच असते. पुस्तकातला आकडा पाळावा. मागची दोन्ही चाके एकाच आसावर फिरतात, त्यामुळे डाव्या-उजव्या टायरात फरक असला की गाडी एका अंगाला ओढते.

सायलेन्सर मोकळा केला की इंजिनात हवा जास्त येते. त्या मानाने पेट्रोल वाढवले नाही, म्हणजे कार्बोरेटरचा जेट बदलला नाही, तर इंजिन तापते आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन धरतो. पाच किलोमीटर वाढवायला जावे आणि इंजिन उघडावे लागावे, असा हा सौदा.

आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वारा. मोठ्या वेगाला वाऱ्याशी झुंजायची ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद जवळपास तेहतीस टक्के जास्त लागते. त्यामुळे ताठ बसण्याऐवजी अंग टाकीवर झुकवले, तर पैसा न घालता काही किलोमीटर मिळतात.

ताकदीचे टोक पाहायचे तर अमेरिकेच्या टेरी विल्मेथ यांचे उदाहरण आहे. त्यांनी रॅप्टर ७०० ला रॉकेट जोडून १५ जून २००८ रोजी ताशी ३१५.७४ किलोमीटरचा विक्रम केला. गावाचे नाव मद्रास. आपले नव्हे, ओरेगन राज्यातले. ते रॉकेटचे काम होते, आणि विमानतळाच्या धावपट्टीवर झाले.

वेगाची किंमत

वेग ६० चा ९० झाला, म्हणजे दीडपट झाला, की गाडी थांबायला अंतर सव्वादोनपट लागते. त्यात ही गाडी उंच, आखूड आणि मऊ टायरची. डांबरी रस्त्यावर ती नेऊ नये, असे बनवणारेच बजावतात. वळणावर टायर धरतो आणि गाडी उलटते. अमेरिकेत अपघात इतके वाढले, की १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांत करार होऊन तीनचाकी मॉडेलांची विक्री थांबली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला, ती उलटली तर चालक चिरडू नये म्हणून संरक्षक कमान सक्तीची झाली. तिथे मेलेल्यांत अनेक शेतकरी होते. तेव्हा वेग वाढवण्याआधी ब्रेक, टायर आणि हेल्मेट. हा क्रम उलटा करू नये.

आपल्या गावात उपयोग काय?

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी हा हिशेब जरूर वापरावा. वाळूत ५० मीटरवर दोन खांब रोवा आणि १८० ला सेकंदांनी भागा. वेगाची मर्यादा ताशी २० ठरवली, तर गाडीने हे अंतर नऊ सेकंदांच्या आत कापता कामा नये. अनेक क्वाडना एक्सलेटरजवळ वेग रोखणारा स्क्रू असतो. भाड्याच्या गाडीचा तो आवळलेला आहे ना, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने बघावे. आरटीओकडे नोंद नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू देऊ नये.

आणि शेतकरी बंधूंनो, क्वाड नसली म्हणून हे वाया जात नाही. ट्रॅक्टरने फवारणी करताना तेच ५० मीटर मोजा. ४५ सेकंद लागले तर वेग ताशी चार. तुमच्या औषधाचा हिशेब चारचा असेल आणि गाडी पाचने पळाली, तर एकरी औषध पाचव्या हिश्शाने कमी पडते. मग दोष औषधाला जातो. शर्यतीत वेग चुकला तर पैज जाते. शेतात चुकला तर पीक जाते.