करुणेचे मोजमाप आणि भाषा : एका मानसशास्त्रीय श्रेणीचे तुर्की रूपांतर

४.१ प्रास्ताविक

कथाकवितांच्या अनुवादाचा विचार आपण यापूर्वी केला आहे. या घटकात एका निराळ्या संहितेकडे, म्हणजे मानसशास्त्रीय प्रश्नावलीकडे, वळायचे आहे. कथेचा अनुवाद फसला तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. प्रश्नावलीचा अनुवाद फसला तर मात्र एखाद्या माणसाविषयी चुकीचा निष्कर्ष निघतो. ती चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण शेवटी हाती उरतो तो केवळ आकडा.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात मराठीत आणलेली एक प्रश्नावली वाटण्यात आली होती. तीत ‘मला स्वतःची दया येते’ अशा आशयाचे विधान होते. एका प्रौढ विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, माझी दया यावी असं माझं काय वाईट झालंय?” आणि तिने ‘कधीच नाही’ या पर्यायावर खूण केली. गुणांकनाच्या हिशेबाने ती स्वतःशी कठोर वागणारी ठरली. प्रत्यक्षात ती केवळ स्वाभिमानी होती. दोष तिच्या उत्तराचा नव्हता, ‘दया’ या शब्दाचा होता. नेमकी हीच अडचण तुर्की भाषेत कशी उद्भवली आणि तेथील अभ्यासकांनी ती कशी हाताळली, हे आपण पाहू.

४.२ मूळ श्रेणीचे स्वरूप

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची श्रेणी प्रसिद्ध केली. अपयशाच्या वा दुःखाच्या वेळी माणूस स्वतःशी कसा वागतो, हे ती मोजते. तिच्यात २६ विधाने असून ती सहा उपश्रेणींत विभागलेली आहेत. या उपश्रेणी तीन जोड्यांच्या आहेत : स्वतःशी ममत्व आणि स्वतःवर कठोर टीका, दुःख सर्वांच्याच वाट्याला येते ही जाणीव आणि एकटेपणाची भावना, सजगता आणि दुःखात वाहून जाणे. प्रत्येक विधानाला प्रतिसादक १ ते ५ यांपैकी एक अंक देतो. नकारात्मक विधानांचे गुण उलटे मोजले जातात. पुढे एलिझाबेथ पॉमियर यांनी अशाच सहा अंगांची, पण इतरांविषयीची करुणा मोजणारी २४ विधानांची श्रेणी तयार केली.

नेफ यांनी ही संकल्पना बौद्ध विचारातून घेतली आहे, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांतील ‘करुणा’ भारतीय भाषांतून इंग्रजीत गेली, तेथे तिचे मापन झाले आणि मग ती तुर्कीत पोहोचली. प्रत्येक मुक्कामावर तिचा पोशाख बदलला.

४.३ शब्दाची निवड

तुर्कीत करुणेच्या आसपास तीन शब्द सहज सापडतात. ‘मेरहामेत’ हा अरबीतून आलेला शब्द. ‘रहम’ आणि ‘रहीम’ हे आपल्या परिचयाचे शब्द त्याच धातूचे. त्याला धार्मिक वलय आहे आणि बहुधा तो समर्थाकडून असमर्थाकडे वाहतो. ‘शेफकात’ हाही मूळचा अरबी. त्यात आईवडिलांच्या वात्सल्याची छटा आहे. ‘आजिमा’ हा अस्सल तुर्की शब्द. त्याच्या मुळाशी ‘आजी’ हा वेदनावाचक शब्द असून त्याची छटा आपल्या ‘कीव’ या शब्दाजवळ जाते.

इतरांविषयीच्या करुणेसाठी ‘मेरहामेत’ चालून गेला. पॉमियर यांच्या श्रेणीचे सेहेर आकदेनिझ आणि एंगिन देनिझ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले रूपांतर याच नावाने ओळखले जाते. मात्र स्वतःविषयीच्या करुणेशी गाठ पडताच भाषा अडखळली. ‘स्वतःविषयी आजिमा’ म्हटले की अर्थ होतो स्वतःची कीव करणे, म्हणजे नेफ यांना जे अभिप्रेत नाही नेमके तेच. म्हणून अभ्यासकांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. कोणी ‘ओझ-दुयार्लिक’ म्हणजे स्वतःविषयीची संवेदनशीलता हा शब्द घेतला, कोणी ‘ओझ-आनलायिश’ म्हणजे स्वतःला समजून घेणे हा; आणि ‘ओझ-शेफकात’ हाही शब्द वापरात आला. एकाच संकल्पनेला तीन नावे पडली. यात गोंधळ आहे. पण कोणत्याही एका तुर्की शब्दात ती संकल्पना पूर्ण मावत नाही याची प्रामाणिक कबुलीही आहे.

‘दुःख सर्वांच्या वाट्याला येते’ या उपश्रेणीचे तुर्की नाव तर ‘वाटून घेतलेल्या गोष्टींची जाणीव असणे’ असे काहीसे लांबलचक आहे. येथे अनुवादकाने एका शब्दाचा हट्ट सोडून अर्थ राखला आहे.

शब्द ओळखीचा दिसला म्हणून त्यावर विसंबू नये, हेही येथेच सांगायला हवे. आपण ‘मुसाफिर’ म्हणजे प्रवासी म्हणतो. तोच अरबी शब्द तुर्कीत ‘मिसाफिर’ झाला आणि त्याचा अर्थ झाला पाहुणा. मूळ एक असले तरी शब्दाचा संसार ज्या भाषेत होतो, तिथलाच अर्थ त्याला चिकटतो.

४.४ वाक्यरचनेचे प्रश्न

तुर्कीत ‘हिच्बिर झामान’ (कधीच) या शब्दप्रयोगासोबत क्रियापद नकारार्थीच यावे लागते. मराठीतही ‘मी कधीच रागावतो’ असे आपण म्हणत नाही. ‘मी कधीच रागावत नाही’ असे म्हणतो. आता विधानच नकारार्थी असेल, उदाहरणार्थ ‘इतरांच्या दुःखाकडे मी लक्ष देत नाही’, आणि त्यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय असेल, तर प्रतिसादक चक्रावतो. तो करुणेचे उत्तर देत आहे की नकारांची वजाबाकी करीत आहे, हे सांगता येत नाही. म्हणून शक्य तेथे नकारार्थी विधान ‘दुर्लक्ष करणे’ यासारख्या होकारार्थी क्रियापदाने मांडणे हितावह ठरते.

एका बाबतीत मात्र तुर्की अनुवादकाचे काम आपल्याहून सोपे आहे. तुर्कीत व्याकरणिक लिंग नाही, त्यामुळे प्रथमपुरुषी विधान स्त्री-पुरुषांना सारखेच लागू पडते. मराठीत ‘मी दुर्लक्ष करतो’ की ‘करते’ हे ठरवावेच लागते. केवळ ‘करतो’ छापले तर वाचणाऱ्या स्त्रीला पहिल्याच ओळीत परकेपणा जाणवतो. ‘मला वाईट वाटते’ यासारखी रचना हा पेच काही ठिकाणी टाळू शकते.

४.५ रूपांतराची प्रक्रिया

प्रथम दोन किंवा अधिक अनुवादक स्वतंत्रपणे अनुवाद करतात आणि तज्ज्ञ त्यांतून एक पाठ निश्चित करतात. त्यानंतर मूळ श्रेणी न पाहिलेली व्यक्ती त्या पाठाचा पुन्हा मूळ भाषेत अनुवाद करते. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० मधील लेखनामुळे रूढ झालेल्या या पद्धतीस प्रत्यनुवाद म्हणतात. तिची एक मर्यादा ध्यानात घ्या. कुशल प्रत्यनुवादक सदोष वाक्यामागचा हेतू ओळखतो आणि नकळत ते दुरुस्त करून टाकतो. मग दोन्ही पाठ जुळतात, पण दोष तसाच राहतो. म्हणून सामान्य वाचकांना ‘या वाक्यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारणे अत्यावश्यक ठरते.

यानंतर सांख्यिकीय तपासणी होते. विधानांतील अंतर्गत सुसंगती आणि काही आठवड्यांनी पुन्हा घेतलेल्या चाचणीतील सातत्य यांवरून विश्वसनीयता कळते. घटक-विश्लेषणावरून विधानांचे गट मूळ श्रेणीप्रमाणे पडतात का, हे पाहिले जाते.

४.६ दोन रूपांतरे, दोन निष्कर्ष

नेफ यांच्या श्रेणीची दोन तुर्की रूपांतरे येथे बोधप्रद आहेत. आकिन, आकिन आणि आबाजी यांच्या २००७ मधील रूपांतरात २६ विधाने आणि सहा उपश्रेणी कायम राहिल्या. देनिझ, केसिजी आणि स्युमेर यांच्या २००८ मधील रूपांतरात मात्र दोन विधाने गळाली, २४ उरली आणि ती सर्व एकाच घटकात सामावली.

यांपैकी एक खरे व दुसरे खोटे असे समजू नका. शब्दयोजना, प्रतिसादकांचा गट आणि विश्लेषणाची रीत यांपैकी काहीही बदलले तरी निष्कर्ष बदलू शकतो. व्यवहारात मात्र याचा परिणाम मोठा आहे. पहिल्या रूपांतरानुसार समुपदेशक विद्यार्थ्याला ‘तुम्ही स्वतःवर कठोर टीका करता, पण एकटे पडलेले नाही’ असे सांगू शकतो. दुसऱ्यातून त्याला केवळ एकूण गुण मिळतात. म्हणूनच संशोधन वाचताना कोणते रूपांतर वापरले आहे, हे आधी पाहावे.

४.७ सारांश

श्रेणीच्या रूपांतरात शब्दाऐवजी शब्द ठेवून भागत नाही. मूळ वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तोच नव्या वाचकाच्या मनात उभा राहावा लागतो. मराठीत करुणा, दया, कणव, कळवळा, माया, कीव असे कितीतरी शब्द आहेत. ही श्रीमंती खरी, पण निवडीची जबाबदारीही तेवढीच मोठी. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आधी कोणी ऐकला असता, तर ते विधान तसे छापले गेले नसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘स्वतःची कीव’ आणि ‘स्वतःविषयी करुणा’ यांतील फरक दाखवणारे प्रत्येकी एक वाक्य लिहा.
२. लिंगभेद न दर्शवणारी तीन प्रथमपुरुषी मराठी विधाने तयार करा आणि ती घरातील दोन व्यक्तींना वाचून दाखवा. त्यांना काय समजले, ते नोंदवा.
३. प्रत्यनुवाद जुळूनही अनुवाद सदोष कसा राहू शकतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.