न्हाव्याच्या दुकानातील पाचवा स्वर

हजामतीसाठी आपली पाळी येईपर्यंत वेळ घालवायचा कसा, हा प्रश्न वस्तऱ्याइतकाच जुना आहे. आपल्याकडे तो गावगप्पांनी आणि शिळ्या वर्तमानपत्राने सुटला. एलिझाबेथ राणीच्या काळच्या इंग्लंडात न्हावी आपल्या दुकानात एक तंतुवाद्य ठेवीत व खोळंबलेल्या गिऱ्हाइकाने ते खुशाल छेडावे असा दस्तूर होता. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागात, गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात, कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या दुकानांत जमणाऱ्या मंडळींनी वाद्याचीही गरज ठेवली नाही. आणि त्यांच्या कंठातून, तशीच रस्त्यांच्या कोपऱ्यांवरून, जी चार आवाजांची गायनशैली आकारास आली तीच आज 'बार्बरशॉप' या नावाने ओळखली जाते. फ्लॉरिडातील जॅक्सनविल येथे वाढलेले कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९२५ साली या दुकानांतील चौकड्यांचे वर्णन करून ठेवले आहे: नवी स्वरसंगती हाती लागली की ती सुटू नये म्हणून सारे एकमेकांना बजावीत तिलाच धरून बसत.

या चौघांतील कामाची वाटणी मोठी चोख असते. मुख्य चाल 'लीड' गातो. त्याच्या वर 'टेनर' हलका स्वर लावतो, तर 'बास' खाली पाया धरतो. आणि संगतीत जी जागा रिकामी राहील ती भरण्याचे काम बिचाऱ्या 'बॅरिटोन'कडे येते, ज्याची ओळ एकटी ऐकली तर हे गाणे तरी आहे काय अशी शंका यावी.

या शैलीचा प्राण ज्या स्वरसंगतीत आहे, तिच्यातील कंपनांचे प्रमाण ४ : ५ : ६ : ७ असे असते. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, शुद्ध गंधार, पंचम आणि आपल्या नेहमीच्या कोमल निषादाहून किंचित उतरलेला निषाद. सप्तक बारा समान भागांत कापणाऱ्या पियानोवर हे प्रमाण मिळत नाही, ते गळ्यालाच साधते. आणि ते नेमके साधले म्हणजे चौघांचे उपस्वर परस्परांत मिसळून, जो कोणीच गात नाही असा एक उंच स्वर वर घुमू लागतो. जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून, तशी तार नसतानाही, स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे त्यांना या चमत्काराची फोड करून सांगावयास नको.

११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमातील टल्सा शहरी, ओ. सी. कॅश नावाचे करविषयक वकील आणि त्यांचे स्नेही रूपर्ट हॉल यांच्या निमंत्रणावरून २६ जण एका क्लबाच्या गच्चीवर गाण्यासाठी जमले, आणि त्यातून या कलेचे जतन करणारी संस्था उभी राहिली. रूझवेल्ट सरकारने आद्याक्षरी नावांची जी खाती धडाधड काढली होती, त्यांची थट्टा म्हणून संस्थेचे नावही मुद्दाम लांबलचक ठेवले गेले. थट्टा निरुपद्रवी होती. वहिवाट मात्र तशी नव्हती. १९४१ साली न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकणाऱ्या, ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या हमालांचे नाव धारण करणाऱ्या कृष्णवर्णीय चौकडीस सेंट लुइस येथील राष्ट्रीय स्पर्धेत मज्जाव करण्यात आला. त्याच्या निषेधार्थ न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि न्यूयॉर्क शहराचे उद्यान-आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी संस्थेचा राजीनामा दिला, तरी तो दरवाजा उघडण्यास १९६३ साल उजाडावे लागले. स्त्रियांनी १९४५ मध्ये टल्सातच आपली निराळी संस्था काढली होती. पुरुषांच्या संस्थेत त्यांना पूर्ण सभासदत्वाची मुभा २०१८ साली मिळाली. दरम्यान गवताची टोपी आणि पट्टेदार जाकीट घातलेले चार गोरे गृहस्थ हेच या गायनाचे चित्र लोकमानसात इतके पक्के बसले, की संशोधक लिन ॲबट यांना १९९२ साली पुराव्यांची जंत्री मांडून मूळ मालकी कोणाची हे सिद्ध करावे लागले.

वाचकाने एखादी बार्बरशॉप ध्वनिमुद्रिका मिळवून जरूर ऐकावी. आणि गाण्याच्या शेवटी चौघे एकाच जागी स्थिरावतात तेव्हा चालीचा नाद सोडून, न गायलेला तो वरचा स्वर कानी पडतो का ते पाहावे. तो पडलाच, तर ती दौलत कोणाच्या दुकानातली, याचे स्मरण असू द्यावे.