वहीत न उतरलेली नावे

आईवडिलांना आपण घरातून पाहतो. त्यांची बाहेरची ओळख बहुधा दुसऱ्याच्या तोंडून आणि उशिरा होते. कामरगावसारख्या बाजारगावी व्यापारी घरातील उठावण्याला खेड्यापाड्यांतून माणसे येतात. कोणी सांगतो, नापिकीच्या साली शेठजींनी बियाण्याची उधारी मागितली नाही. कोणी सांगतो, माझी शाळेची फी शेठाणीबाईंनी भरली. मुले थक्क होऊन ऐकतात. दुकानाच्या जुन्या वह्या चाळल्या तर यांपैकी कशाचीच नोंद सापडत नाही. सारे आयुष्य बँकेत नोंदी तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हे खटकते, आणि भावतेही.

कामरगावचा तालुका कारंजा. तेथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन करणारे ब्र. देवचंदजी पुढे मुनिश्री समंतभद्र महाराज झाले आणि कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळ बाहुबली येथे त्यांच्या प्रेरणेने गुरुकुल उभे राहिले. त्याच कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले होते. त्यांचे कार्य आपल्या समाजास ठाऊक आहे : १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण. मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंविषयी लिहावेसे वाटते.

सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातिधर्मांच्या मुलांना पोटाशी धरले. बोर्डिंगच्या खर्चापायी एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले. सोने मोडणारी घरे मी पुष्कळ पाहिली. कारणे ठरलेली असतात, आजारपण, लग्न, नाहीतर धंद्यातील खोट. परक्यांच्या लेकरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र काढून देणे यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढील विस्तार त्यांनी पाहिला नाही.

त्या बोर्डिंगातील एक विद्यार्थी, पी. जी. पाटील, पुढे बॅरिस्टर आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कर्मवीरांचे विस्तृत इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले. ज्याने त्या पंक्तीत बसून भाकरी खाल्ली, त्याला जे सांगता येते ते पोटच्या मुलालाही सांगता येईलच असे नाही.

आपल्या घरांत कुलगुरू जेवले नसतील. परंतु हमाल, मापारी, शाळकरी पोरे जेवली आहेत, आणि ती माणसे आता सत्तरीपुढे आहेत. उठावण्याची वाट कशाला पाहायची? क्षमावणीला नातलगांकडे जातोच, तसे यांच्याकडेही जावे आणि वडिलांविषयी, विशेषतः आईविषयी, विचारावे. आईचे व्यवहार माजघरातून चालत, त्यामुळे तिच्याविषयी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असते.

मी एक कोरी वही घेतली आहे. तीन नावे लिहून झाली. चौथे गृहस्थ मूर्तिजापूरला मुलाकडे असतात, असे कळले आहे.