दाखला गेला, विद्या उरली

शाळा सोडणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असे एक सदर असते. त्यापुढे आम्ही शिक्षक एकच शब्द लिहितो, बहुधा ‘चांगली’. तो लिहिताना आपण त्या मुलाच्या भवितव्याला हात लावीत आहोत, याची जाणीव आम्हांला क्वचितच होते. आज ज्या विषयासंबंधी बोलावयाचे आहे, तोही एका परीने दाखल्याचाच विषय आहे.

अमेरिकेत अणुशक्ती, संरक्षण अशा खात्यांतील गुप्त काम करणाऱ्याची कसून चौकशी होते. त्याचे चारित्र्य, त्याचे स्नेहसंबंध व देशनिष्ठा पारखली जाते. या कसोटीस जो उतरतो त्याला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे गोपनीय कागदपत्रे पाहण्याची परवानगी मिळते. ती एकदा काढून घेतली गेली की माणसाने काय करावे?

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे तो सरकार घेते. गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. हा मनुष्य भरवशाचा नाही असे अधिकाऱ्यांना वाटले की पुरे. तुरुंग नाही, दंड नाही. परंतु ज्या कामात उमेद घालविली त्याचे दार बंद होते, आणि समाज मात्र त्याला गुन्हेगारच समजू लागतो.

रॉबर्ट ओपनहायमर यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १९४३ पासून लॉस अ‍ॅलामॉस येथील प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते, आणि १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबची चाचणी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. युद्धानंतर ते सरकारचे मोठे सल्लागार झाले. परंतु १९४९ साली हायड्रोजन बाँब घाईने तयार करण्यास त्यांच्या समितीने विरोध दर्शविला, आणि तो पुढे त्यांना भोवला. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांची परवानगी स्थगित झाली. १९५४ च्या एप्रिल-मे महिन्यांत तीन सदस्यांच्या मंडळापुढे चौकशी चालली. जुने कम्युनिस्ट स्नेही हा एक आरोप होता, हायड्रोजन बाँबला केलेला विरोध हा दुसरा. त्यांच्या वकिलांना काही गुप्त कागद पाहू दिले गेले नाहीत. उलट वकिलांशी होणारे त्यांचे बोलणे मात्र सरकारी यंत्रणा चोरून ऐकत होती. तथापि ओपनहायमर सर्वस्वी निर्दोष होते असेही नव्हे. १९४३ साली एका मित्रासंबंधाने सुरक्षा-अधिकाऱ्यांना आपण खोटे सांगितले होते, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. अखेर ते देशनिष्ठ आहेत, पण परवानगी देऊ नये, असा दोनविरुद्ध एक निर्णय झाला. २९ जून रोजी अणुशक्ती आयोगाने चारविरुद्ध एक मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यांच्या सल्लागारपदाची मुदत तशीही दुसऱ्याच दिवशी संपत होती!

त्यांना आसरा होता. प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेने त्यांना संचालकपदी कायम ठेवले. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना फेर्मी पारितोषिक मिळाले. परवानगी मात्र परत मिळाली नाही, आणि १९६७ साली ते वारले.

धाकटे बंधू फ्रँक यांना असा आसरा नव्हता. तेही पदार्थवैज्ञानिक, लॉस अ‍ॅलामॉस येथे बंधूंबरोबर राबलेले. १९३७ साली ते पत्नीसह कम्युनिस्ट पक्षात गेले व काही वर्षांनी बाहेर पडले. १९४७ मध्ये वर्तमानपत्रात ही गोष्ट आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. १९४९ साली संसदीय समितीपुढे मात्र मान्य केली. पण इतरांची नावे सांगण्यास ते तयार झाले नाहीत. मिनेसोटा विद्यापीठातील नोकरी गेली, आणि दुसरे कोणतेही विद्यापीठ त्यांना ठेवून घेईना. तेव्हा कोलोराडो राज्यातील पगोसा स्प्रिंग्ज या लहान गावाजवळ हा विश्वकिरणांचा अभ्यासक गुरे पाळू लागला.

१९५७ साली त्याच गावच्या शाळेत त्यांना विज्ञान शिकविण्याचे काम मिळाले. ते त्यांनी कमीपणाचे मानले नाही. मोडक्या यंत्रांच्या ढिगाऱ्यापाशी मुलांना नेऊन ते यंत्रशास्त्र, उष्णता व वीज शिकवीत. त्या आडगावची मुले राज्याच्या विज्ञान-प्रदर्शनात बक्षिसे मिळवू लागली. हान्स बेटे, जॉर्ज गॅमॉ यांसारख्यांनी शब्द टाकल्यावर १९५९ मध्ये कोलोराडो विद्यापीठाने त्यांना बोलावले. तेथे विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळावेत असे प्रयोग त्यांनी मांडून ठेवले. त्याच कल्पनेतून १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे विज्ञान-संग्रहालय उभे राहिले. ‘हात लावू नये’ ही पाटी तेथे नाही; हात लावावा म्हणूनच वस्तू ठेवलेल्या असतात. १९८५ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याचे संचालक होते, आणि जगातील अनेक विज्ञान-केंद्रांनी त्याचा कित्ता गिरविला.

१६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने रॉबर्ट यांच्याविरुद्धचा १९५४ चा निर्णय रद्द केला. आयोगाने स्वतःचेच नियम मोडले होते, असे कारण दिले. चूक सुधारली खरी, पण अडुसष्ट वर्षांनी; आणि ज्याच्यासाठी सुधारली तो मनुष्य जाऊन पंचावन्न वर्षे झाली होती.

ज्याच्यावर असा प्रसंग येईल त्याने न्यायासाठी अवश्य झगडावे. पण आयुष्य त्या एका कागदावर टांगून ठेवू नये. परवानगी सरकारची असते, ती सरकार परत घेऊ शकते. हातातील विद्या कोणी काढून घेत नाही. तिला नवे, प्रसंगी लहानसे काम शोधून द्यावे लागते, एवढेच. आणि स्नेह्यांनी अशा वेळी तोंड न फिरविता एखादा शब्द टाकावा. बेटे आणि गॅमॉ यांनी तेच केले.

‘वर्तणूक’ या सदरापुढे आता मी लेखणी टेकवितो तेव्हा क्षणभर थांबतो. त्या एका शब्दात मुलगा मावत नाही, हे मला फ्रँक ओपनहायमर या शाळामास्तरांनी शिकविले.