‘ॲन एस.टी. बस’ का बरोबर?

इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर ए, ई, आय, ओ किंवा यू असेल तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’, हा नियम शाळेत पाठ होतो. तो चुकीचा आहे. निवड अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून होते. चिपळूणच्या स्टँडवर लागते ती ‘ॲन एस.टी. बस’, कारण स्पेलिंगमध्ये व्यंजन असले तरी तोंडून निघतो तो ‘ए’. ‘युनिव्हर्सिटी’चे उलटे आहे. अक्षर स्वराचे, उच्चार ‘य’चा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. मराठी माणसाला यावर बहुतेकदा चालणारी कसोटी घरचीच मिळाली आहे. शब्द देवनागरीत लिहावा, आरंभी स्वर दिसला तर ‘ॲन’. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ तिथे लगेच ओळखू येतात.

विशेषनामाला ‘द’ लागत नाही, हा समज अर्धाच खरा. चिपळूण हे गाव आणि गोविंदगड हा किल्ला यांना तो नको. नदीला आणि समुद्राला मात्र हवाच: ‘द वाशिष्ठी’, ‘द अरेबियन सी’.

‘आय ॲम लिव्हिंग इन चिपळूण सिन्स टेन इयर्स’ या वाक्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मराठीत ‘2015 पासून राहतो’ आणि ‘दहा वर्षांपासून राहतो’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालतो, आणि क्रियापद वर्तमानकाळी असते. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’, आणि क्रियापद ‘हॅव लिव्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’.

वर्णनात होणारी एक चूक सहसा कोणी दाखवून देत नाही. ‘रीचिंग चिपळूण, द रेन स्टार्टेड’ हे वाक्य कानाला ठीक वाटते, कारण मनात ‘चिपळूणला पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’ हे निर्दोष मराठी वाक्य असते. ‘-ल्यावर’ला दोन वेगळे कर्ते चालतात. इंग्रजी ‘-इंग’ची जात मात्र ‘-ऊन’ची आहे, आणि ‘चिपळूणला पोहोचून पाऊस सुरू झाला’ असे कोणी म्हणणार नाही. त्यात पाऊसच प्रवास करून आला असे होते. म्हणून ‘-इंग’च्या जागी ‘-ऊन’ घालून पाहावे. कर्ता न जुळून वाक्य अडखळले तर इंग्रजीतही ते मोडलेले आहे. तिथे ‘व्हेन वी रीच्ड चिपळूण’ असे कर्त्यासह लिहावे.

काही गोष्टी मात्र उगाच चूक ठरवल्या जातात. वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘फॉर’ यांसारखा शब्द येऊ नये, ही हरकत जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतली. बोलण्यात ती कधीच पाळली गेली नाही, आणि आजची प्रमाण व्याकरणेही ‘हू डिड यू गो विथ?’ हे वाक्य शुद्धच मानतात.